अकरा प्रश्नांना हो

३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. वही मुद्दाम नवी घेतली. जुन्या वहीच्या शेवटच्या चार पानांवर फक्त दादाचा उद्धार आहे, आणि नव्या नोकरीची नोंद त्या पानांना चिकटून नको.

कृत्रिम पाय बनवणारं केंद्र आहे. तळमजल्यावर कारखाना आणि भांडार, मधल्या मजल्यावर लांबलचक हॉल, त्यात चालण्याच्या सरावासाठी दोन समांतर दांडे आणि भिंतभर आरसा. सगळ्यात वर ऑफिस. मला तीन महिन्यांच्या करारावर घेतलंय. साहेब म्हणाले, "प्रतीक्षा यादीत एकशे त्रेचाळीस माणसं आहेत. चार-चार महिने थांबतात बिचारी. कॉम्प्युटरने काय करायचं ते करा, पण यादी संपवा. संपली की तुम्हाला कायम करतो."

घरी आले तर दादाचं स्वागत तयार होतं. "काय, दाबून आलीस बटणं?" सहा वर्षं हा एकच विनोद चालवतोय. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, साखरेपायी गेला. सलून चालवतो, दिवसाचे दहा तास उभा. त्याचा आत्ताचा पाय इतका झिजलाय की पावलागणिक करकरतो, सबंध घराला कळतं साहेब कुठल्या खोलीत आहेत ते. त्या एकशे त्रेचाळीसांत त्याचंही नाव आहे. त्याने मला सांगितलं नाही. यादीत दिसलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

कामाची रीत कळली. उरलेला पाय ज्या कपात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. सॉकेट नीट तर पाय नीट, बाकी नळी आणि पाऊल सगळ्यांना सारखंच. त्या सॉकेटचा आकार एक जुना प्रोग्राम काढतो. पंचवीस वर्षांपूर्वी इथल्या कुणा जुन्या साहेबांनी तो लिहिला. ते वारले, त्याचं मूळ लिखाण, सोर्स कोड, कुठे गेलं कुणाला माहीत नाही, चालणारी एक फाइल तेवढी उरली. ती चालवली की काळी खिडकी उघडते, मापं मागते, मग एकेक प्रश्न विचारते, आणि शेवटी आकाराची फाइल देते. मशीन त्यावरून साचा कोरतं.

ही खिडकी उघडायचा मान एकाच बाईंचा. सगळे त्यांना ताई म्हणतात. मी मनात त्यांचं नाव चौकशीबाई ठेवलंय. खिडकीत प्रश्न आला की या उठतात, जिना उतरून हॉलमध्ये जातात, रुग्णाजवळ बसून काहीबाही चौकशा करतात, पुन्हा जिना चढतात, एक बटण दाबतात. पुढचा प्रश्न. पुन्हा जिना. एका रुग्णाला तीन-साडेतीन तास, दिवसाला दोन रुग्ण. मग यादी एकशे त्रेचाळीस होईल नाहीतर काय होईल!

मी अगदी गोड आवाजात विचारलं, "ताई, हे प्रश्न टाळता नाही का येणार?"

"येतात की," त्या म्हणाल्या. "नोकरी सोडली की आपोआप टळतात."

कारकून खिदळला. ठीक आहे, बघू.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं फिरलंय. पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. काम साधं आहे. स्वागतकक्षातली मुलगी रुग्णाची मापं तक्त्यात भरते. स्क्रिप्टने ती उचलायची, जुना प्रोग्राम आपणहून चालू करायचा, मापं त्याला भरवायची, तो जे बोलेल ते गोळा करायचं, फाइल झाली की मशीनकडे पाठवायची. माणसाने मध्ये बोट घालायचं कारण नाही.

चालवली. एरर नाही, फाइल नाही, ढिम्म. बंद करून पुन्हा चालवली. ढिम्म. दोन तास मी माझ्याच कोडमध्ये चुका शोधत बसले, आणि चौकशीबाई शेजारच्या टेबलावरून चष्म्यावरून बघत होत्या.

मग उजेड पडला. प्रोग्राम पहिला प्रश्न विचारून थांबला होता. त्याचं सगळं बोलणं मी आतल्या आत गोळा करत होते, म्हणून तो प्रश्न पडद्यावर येतच नव्हता. तो माझ्या उत्तराची वाट बघतोय, माझी स्क्रिप्ट तो संपायची वाट बघतेय. थेट आमचं घर. दादा कुणी जेवायला हाक मारेल म्हणून बसून, मी तो आपणहून येईल म्हणून बसून, आणि आई दोन्ही ताटं झाकून ठेवते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज त्या प्रश्नांचा निकाल लावला.

आधी हाताने चालवून पाहिलं. एकूण अकरा प्रश्न. त्या काळात पडद्यावर देवनागरी येत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, वाचताना दातात खडा यावा तसं. पहिला: रुग्णाला उभं करून पाहिलं का? दुसरा: माप दोनदा घेतलं का? तिसराही असलाच काहीतरी. हो असेल तर वाय दाबा, नाही असेल तर एन. पुढचे वाचले नाहीत, वाय दाबत गेले.

मग एकाच रुग्णाची मापं चार वेळा घातली आणि बघितलं उत्तरांनी काय फरक पडतो. एन दाबलं की प्रोग्राम रुसून बंद होतो, फाइल देत नाही. वाय दाबलं की पुढे जातो. बस. उत्तराचा हिशेबात कुठेही उपयोग नाही. फाइल प्रत्येक वेळी अक्षर न् अक्षर तीच. म्हणजे पंचवीस वर्षं चौकशीबाई ज्यासाठी जिना झिजवतायत ते सगळं शोभेचं!

स्क्रिप्टला सांगून टाकलं, मापांच्या मागोमाग अकरा वाय पाठव. प्रोग्राम काय बडबडतो ते एका लॉग फाइलमध्ये साठेल. कुणाला वाचायची हौस असेल त्याने वाचावं. एका रुग्णाला चार सेकंद.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळ्यांसमोर चालवून दाखवली. साहेब खुर्ची ओढून बसले. मशीनने पाठोपाठ तीन साचे कोरले, आणि साहेबांच्या चेहऱ्यावर यादी संपल्याचं समाधान आत्ताच दिसायला लागलं.

चौकशीबाई मागे उभ्या होत्या. "प्रश्नांचं काय केलंस?"

"उत्तरं जातात, ताई."

"कुणाची?"

"स्क्रिप्ट देते."

"तुझ्या स्क्रिप्टला जिना उतरता येतो?"

पुन्हा सगळे हसले, आणि तिच्या बाजूने हसले. बाईला निवृत्तीला आठ महिने उरलेत आणि खुर्ची सुटत नाही. मी सांगितलं, उत्तरांनी निकालात काहीच फरक पडत नाही, मी तपासून पाहिलंय. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. मला त्यांचा इतका राग आला की डबा तसाच परत आणला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज दादाचं माप झालं. त्याच्या सुट्टीचा वार, म्हणून सकाळी साडेनऊला घेऊन गेले. सुट्टीला तो घरात पाय लावत नाही, कुबड्यांवरच असतो, तसाच आला. स्वागतकक्षातल्या मुलीने पाच मिनिटांत टेप फिरवली.

तेवढ्यात चौकशीबाई जिन्यात उगवल्या. ओळख ना पाळख, सरळ त्याला म्हणाल्या, "आज नका देऊ माप. उद्या संध्याकाळी या, दिवसभर उभं राहून झाल्यावर."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "ताई, यादी आहे, नंबर आहेत. कुणाच्या सोयीने वेळा नाही बदलता येत."

"सोय त्याचीच बघतेय," म्हणाल्या.

मी दादाला घेऊन निघाले. चार सेकंदांत त्याची फाइल झाली. रुग्ण क्रमांक अठ्ठ्याऐंशी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाला पाय मिळाला. जुन्या पद्धतीने मे महिना उजाडला असता. हल्ली रुग्ण येतात, पाय लावतात, आरशासमोर दहा पावलं चालून दाखवतात, सही करतात आणि जातात. दादाही दहा पावलं चालला. करकर नाही, काही नाही. आरशात बघत बराच वेळ उभा राहिला. मी वाट बघत होते, आता काहीतरी बोलेल.

"हलका आहे," म्हणाला.

एवढंच! मी त्याच्यासाठी हे केलं असं नाही, पण केलं तर होतंच. घरी येऊन त्याने दोन्ही बुटांना पॉलिश केलं आणि लवकर झोपला. आभार मानायला याच्या जिभेचं काय जातं, देव जाणे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

यादी एक्केचाळीसवर आली. साहेब आता मला नावाने हाक मारतात.

दादा लंगडतोय. जेवताना आईने त्याला विचारलं, तर माझ्याकडे बघून म्हणाला, "काही नाही." मी भाजी वाढून घेत म्हटलं, नवीन सॉकेट बसायला वेळ लागतो, सगळ्यांनाच लागतो. "ठीक आहेस ना?" असंही विचारलं.

"हो," म्हणाला.

बघा, विचारलं की हो. आणि चालायचं मात्र असं की शेजारीपाजारी मला नावं ठेवतील.

४ मार्च, मंगळवार

आज चौकशीबाईने हद्द केली. पाण्याच्या पिंपापाशी गाठून म्हणाली, "काल संध्याकाळी नातवाला घेऊन तुझ्या भावाच्या सलूनमध्ये गेले होते. सगळा भार उजव्या पायावर टाकून केस कापतो तो. डावा नुसता टेकवतो. उद्या आण त्याला, मला बघू दे."

सोमवारी सलून बंद असतं, मी लगेच म्हटलं.

"काल उघडं होतं. गिऱ्हाईकं जास्त झालीत म्हणे."

मी म्हटलं, "ऑफिसातली चौकशी पुरत नाही म्हणून आता माझ्या घरातली पण करणार का?" आवाज चढला माझा. पाच-सहा जणांनी ऐकलं. बरं झालं ऐकलं.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांकडे गेले आणि लेखी दिलं की या कामात अडथळा आणतात, रुग्णांना घाबरवतात, माझ्या नातेवाइकांना गाठतात. लिहिताना दोनदा खाडाखोड झाली. ती रागाने.

६ मार्च, गुरुवार

चौकशीबाईंची बदली खाली भांडारात. पट्टे, स्क्रू आणि मोजे मोजतील आता. टेबल स्वतःच आवरलं. स्वतःची टेप तेवढी गळ्यात घालून गेल्या. मला वाटलं होतं त्याहून कमी आनंद झाला. काम खूप होतं म्हणून असेल.

१३ मार्च, गुरुवार

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने थांबवलं. "तुमच्या भावाने पाय दाखवला हो! पँट वर करून दाखवतो सगळ्यांना. म्हणतो, बहिणीच्या प्रोग्रामने काढलाय, चार सेकंदांत."

म्हणजे सलूनमध्ये बसून माझी टिंगल चालते. चार सेकंद हा आकडा मी जेवताना एकदाच बोलले होते, बरोबर उचलला. औषधवाला पुढे म्हणाला, मलमाची मोठी ट्यूब कालच नेली, दाढी करताना गिऱ्हाईकाला कापलं की काय. मी म्हटलं, असेल, त्याचं लक्ष गप्पांतच असतं.

१९ मार्च, बुधवार

दोरीवर दादाचे सहा मोजे वाळत होते. सॉकेटमध्ये एक मोजा घालतात. हा तीन-तीन घालतो. पाय सैल आहे हे मला ऐकवायची ही त्याची रीत, तोंडाने बोलायचं नाही आणि दोरीवर वाळत घालायचं. हल्ली ते धुतोही स्वतःच, न्हाणीचं दार लावून. आईला हात लावू देत नाही.

आई म्हणाली, "तू बघ ना गं एकदा त्याचा पाय. तुझंच काम आहे ते."

मी म्हटलं, "त्याला तोंड आहे ना? सांगू दे की मला."

"तो नाही सांगायचा तुला," आई म्हणाली, आणि गॅस पुसायला लागली. पुसलेलाच होता.

२४ मार्च, सोमवार

यादी संपली. शून्य. एकशे त्रेचाळीस माणसांचे पाय सहा आठवड्यांत. साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या आणि कायम नोकरीचं पत्र हातात दिलं. माझे डोळे भरून आले, लाज वाटली. भांडारातून कुणी आलं नव्हतं.

घरी पत्र टेबलावर ठेवलं. दादाने ते उभ्यानेच वाचलं, खुर्चीच्या पाठीला धरून. दोनदा वाचलं. मग म्हणाला, "आता कुणी काढू शकत नाही ना तुला?"

नाही, म्हटलं. असा प्रश्न विचारायचा असतो का या वेळी! आत निघून गेले.

२६ मार्च, बुधवार

दादा सलूनमध्ये कोसळला. गिऱ्हाईकाची अर्धी दाढी झाली होती. वस्तरा आधी बाजूला ठेवला, म्हणाले, आणि मग खाली बसला तो उठलाच नाही. अंगात ताप फणफणत होता.

हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई मोजे काढत होत्या. तीन मोजे. शेवटचा निघेना, पाणी घालून भिजवून काढला. मग वास आला. आईने तोंड फिरवलं. मी नाही फिरवलं, फिरवता आलं नाही. हाडाच्या टोकाशी खड्डा होता. काळा.

त्या म्हणाल्या, रात्रभर सॉकेट नसलं की सकाळी उरलेला पाय सुजलेला असतो, तेव्हा घेतलेल्या मापाचं सॉकेट दिसतंय. सॉकेट घालून दिवसभर उभं राहिलं की दाबाने सूज उतरते, पाय आत सरकतो, आणि सगळं वजन हाडाच्या टोकावर येतं. साखर असल्यामुळे तिथे स्पर्श कमी कळतो, पण इतकं झाल्यावर काहीतरी कळलं असेलच. "दुखलं नाही का तुम्हाला? आला का नाहीत?"

"नवीन आहे," दादा म्हणाला. "बसायला वेळ लागतो."

माझ्याकडे बघत नव्हता. छताकडे बघत होता.

गुडघा वाचेल का, विचारलं. औषधं देऊन पाच-सहा दिवस बघू, म्हणाल्या. गुडघा गेला तर दहा तास उभं राहायचं विसरायचं.

२७ मार्च, गुरुवार

लॉग फाइल उघडली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

अठ्ठ्याऐंशी क्रमांक शोधला. तारीख, वेळ, मापं. मग चौथा प्रश्न: माप संध्याकाळी, काम झाल्यावर घेतलं का? वाय. सहावा: हाडाच्या टोकावर बोट दाबून रुग्णाचा चेहरा पाहिला का? वाय. सातवा: साखरेचा आजार असल्यास डोळे मिटायला लावून कापसाचा स्पर्श कळतो का ते तपासलं? वाय. नववा: रुग्ण दिवसातून किती वेळ उभा असतो ते विचारलं का? वाय. अकरावा: तुम्ही स्वतः पाहिलं का, की कुणी सांगितलं? या प्रश्नाला हो-नाही उत्तरच नाही. तिथेही वाय.

अकराच्या अकरा ओळींची वेळ एकच, सेकंदही तोच. आकाराच्या हिशेबात या उत्तरांचा उपयोग नव्हता, हे मी बरोबरच शोधलं होतं. ते प्रश्न हिशेबासाठी नव्हतेच. जिना उतरवण्यासाठी होते.

खाली भांडारात गेले. ताई पट्ट्यांची मोजदाद करत होत्या. मी सगळं सांगितलं, रडले. "तुम्ही मला स्पष्ट का नाही बोललात?"

"बोलले. दोनदा. दुसऱ्या वेळी तू मला इथे पाठवलंस." पट्टे मोजणं थांबवलं नाही त्यांनी. "मला आनंद होतोय असं समजू नकोस. थोडा होतोय, खोटं कशाला बोलू. भाऊ कसा आहे?"

सांगितलं.

"बाकीच्यांची यादी काढ," त्या म्हणाल्या. "आधी साखरवाले. मग एकटे राहणारे."

२८ मार्च, शुक्रवार

साहेबांना सांगितलं की सगळ्यांना परत बोलवावं लागेल. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, एका माणसाला जखम झाली म्हणून दीडशे लोकांना घाबरवायचं नाही. वरून विचारणा होईल. ज्यांना त्रास असेल ते येतील की आपणहून. "आणि त्या स्क्रिप्टवर नाव कुणाचं आहे? थोडं थांबा. मी बघतो."

थांबले. खरं तेच लिहायचं तर मला बरं वाटलं, कुणीतरी थांब म्हणालं म्हणून. पत्र पर्समध्येच आहे.

३१ मार्च, सोमवार

थांबलेय. ताईंनी जिन्यात विचारलं, यादी काढलीस? काढतेय, म्हटलं. यादी कालच काढून झाली होती. सत्तेचाळीस साखरवाले आहेत.

१ एप्रिल, मंगळवार

गुडघा गेला.

४ एप्रिल, शुक्रवार

आज दादा उशीला टेकून बसला होता. आई चहा आणायला गेली. मी ठरवूनच गेले होते. त्याला सांगून टाकलं, प्रोग्राम अकरा वेळा विचारत होता की या माणसाकडे कुणी बघितलं का, आणि मी अकराही वेळा न बघता हो म्हणून ठेवलं होतं. आता दे मला शिव्या, म्हटलं. एकदा तरी तोंड उघड. पाच आठवडे का नाही बोललास?

"बोललो असतो तर तुला काढलं असतं," तो म्हणाला. "तीन महिन्यांवर होतीस. पत्र येईपर्यंत काढू म्हटलं दिवस."

मी त्याच्या चादरीची घडी नीट करायला लागले. त्याने माझा हात बाजूला केला.

"माझ्यासारखे किती?"

"एकशे बेचाळीस."

"कळवलंस त्यांना?"

"साहेब म्हणाले, थांबा."

"कधी म्हणाले?"

"गेल्या शुक्रवारी."

दादाचा चेहरा मी आयुष्यात असा पाहिला नव्हता. "आठवडाभर? आठवडाभर तू बसलीयस? मी बहिणीने केलाय म्हणून घालून फिरलो. त्यांची कोण लागतेस तू? ते कुणासाठी घालून फिरतायत?"

मी म्हटलं, दादा, हळू, टाके आहेत. त्याने उशाची पाण्याची बाटली उचलून फेकली. माझ्या खांद्याला लागून दारावर आपटली. मग मला अशी शिवी दिली की शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. सहा वर्षं टोमणे ऐकले, शिवी पहिल्यांदा ऐकली. "इथे रडत बसायला येऊ नकोस. ऊठ. चालती हो. चालती हो इथून!"

आई चहा घेऊन दारात उभी होती. मी तिच्या बाजूने निघाले ती थेट केंद्रावर.

वर गेले नाही, भांडारात गेले. ताईंनी फोन माझ्याकडे सरकवला आणि स्वतः यादी धरून बसल्या. दोन वाजता सुरुवात केली. मधे साहेब खाली आले, काय चाललंय विचारलं. मी नंबर फिरवत राहिले. ताई म्हणाल्या, "तिला बोलू द्या, मग काढा काढायचं तर." साहेब वर निघून गेले.

पहिला माणूस म्हणाला, थोडं घासतं, पण तुम्ही इतक्या लवकर करून दिलंत, तक्रार कुठल्या तोंडाने करायची. दुसऱ्याने उचलला नाही. तिसऱ्याने मोजे वाढवलेत, चार घालतो. चौथा परवापासून घालतच नाही, कोपऱ्यात ठेवलाय. पाचव्याचा व्यवस्थित बसलाय, खरंच बसलाय, त्याला मीच दोनदा विचारलं. ताई प्रत्येकापुढे लिहीत होत्या, कुणी उद्याच यायचं, कुणी परवा, कुणी आत्ता लगेच हॉस्पिटलात.

अकरावी बाई एकटी राहते, शिवणकाम करते. आवाज खणखणीत. "नाही हो, काही त्रास नाही. छान आहे पाय. तुमच्या लोकांना आशीर्वाद देते मी."

मी म्हटलं, "काढून बघता का? आत्ता. मी फोन धरून थांबते."

"आत्ता? मशीनवर बसलेय मी."

"आत्ताच बघा, मावशी."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. पट्टा सुटल्याचा आला. मग खुर्ची सरकली. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाई," ती म्हणाली, आवाज अगदी लहान झाला होता, "मोजा निघत नाहीये."